डीकनचा गळा

आमच्या लॉस्ट मिल ओढ्याच्या खोऱ्यात माणूस ओळखला जातो तो आधी त्याच्या कुत्र्यांवरून, मग चर्चवरून, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या नावावरून. ऑर्बी स्लोन म्हटलं की ब्लूटिक. निळसर करड्या ठिपक्यांचे, लोंबत्या कानांचे, सदा कुणाच्या तरी मयताला निघाल्यासारखा चेहरा केलेले कुत्रे. त्यांच्यात राहून राहून ऑर्बीचा चेहराही तसाच झालाय असं मी त्याला तोंडावर सांगते, आणि तो मेला खूश होतो.

मी ओपल. खोऱ्याच्या तोंडाशी माझं दुकान आहे. कुत्र्यांचं खाणं, कोंबड्यांचं खाणं, खिळे, बॅटऱ्या, रबरी बूट, आणि शेगडीशेजारी एक लाकडी बाक. तो बाक तिथे नसता तर माझ्या डोक्याला बराच आराम मिळाला असता. कारण रोज सकाळी त्या बाकाच्या एका टोकाला ऑर्बी बसतो, दुसऱ्या टोकाला त्याचा मेहुणा वेंडल कॉम्ब्स बसतो, मध्ये क्लीटस असतो, आणि माझी कॉफी पीत तिघं कुत्र्यांवरून भांडतात. केंटकीच्या या डोंगरात लोक कोळशावरून भांडले, जमिनीवरून भांडले, देवावरूनही भांडले. ती सगळी भांडणं कधी ना कधी मिटली. कुत्र्यांचं मात्र कधी मिटलं नाही.

सगळे कुत्रे रॅकूनच्या शिकारीचे; रॅकून म्हणजे रात्री हिंडणारं, झाडावर चढणारं, मांजरापेक्षा थोडं मोठं जनावर. वेंडलकडे वॉकर असतात. पांढऱ्या अंगावर काळे-तांबूस पट्टे, लांब पाय, आणि अंगात सदा घाई.

"वॉकर हा कुत्रा नव्हेच," ऑर्बी सुरुवात करतो. "माग ताजा असला तर पळेल. जरा शिळा झाला की उभा राहून मालकाच्या तोंडाकडे बघेल, आता काय करू म्हणून."

"आणि तुझा ब्लूटिक?" वेंडल म्हणतो. "तो गेल्या वर्षीच्या रॅकूनचा माग काढतो. तो रॅकून म्हातारा होऊन मेला, त्याची नातवंडं येऊन गेली, आणि हा अजून खाली नाक घालून चाललाय."

"नाक आहे म्हणून चाललाय."

"नाक आहे रे, पण रॅकून कुठाय?"

क्लीटसकडे प्लॉट जातीचे कुत्रे. पट्टेरी, दांडगे, अस्वलाच्या अंगावर जाणारे. तो मध्येच म्हणतो, "तुमचे दोघांचेही कुत्रे माझ्या प्लॉटसमोर एकदा..."

"तू गप्प बस," दोघं एका सुरात म्हणतात. आणि ऑर्बी पुढे जोडतो, "तुझा प्लॉट रॅकूनला झाडावर चढवतो आणि मग झाडच खातो."

रेडबोन जातीवर त्यांचं एकमत आहे. दिसायला देखणा, लग्नात न्यायला बरा. ब्लॅक अँड टॅनवरही आहे. नाक चांगलं, पण कान इतके लांब की पळताना स्वतःच्याच कानावर पाय देऊन पडतो. एकूण काय, जे कुत्रे बाकावरच्या कुणाकडेच नाहीत, त्यांच्याबद्दल या तिघांचं छान जमतं. माझ्याकडे मांजर आहे. म्हणूनच आमच्या क्लबच्या शिकार-स्पर्धेत मला पंच करतात. मांजरवाली बाई कुणाचीच बाजू घेणार नाही, असा त्यांचा हिशेब.

पण ऑर्बीचा खरा जीव ब्लूटिक जातीवर नव्हताच. त्याचा जीव होता एका रक्तावर. त्याच्या बापाच्या डीकन नावाच्या कुत्र्याच्या रक्तावर.

डीकनला मी पाहिलाय, ऐकलायही. दिसायला काही खास नव्हता, एक कान फाटलेला होता. पण गळा! वॉकर ओरडतो तो तुटक, कुऱ्हाडीचे घाव घातल्यासारखा. ब्लूटिक लांब हेल काढतो. डीकन मात्र हेल काढायचा, तो ताणत न्यायचा, आणि ताणता ताणता शेवटी त्याचा आवाज फुटायचा, आणि त्या फुटलेल्या आवाजातून वर एक बारीक सूर निघायचा. आमच्या चर्चमध्ये वाद्य नसतं. एक जण भजनाची ओळ सांगतो आणि बाकीचे ती सावकाश, लांबवत गातात. ऑर्बीचा बाप हॉबर्ट असा ओळ सांगणारा डीकन, म्हणजे चर्चचा सेवेकरी, होता, आणि म्हातारपणी त्याचाही आवाज वर जाताना असाच फुटायचा. म्हणून लोकांनी कुत्र्याचं नाव डीकन ठेवलं. हॉबर्टला राग आला नाही. तो म्हणाला, "माझ्यापेक्षा बरा गातो."

हॉबर्ट गेला तेव्हा घर, जमीन आणि कुत्रे ऑर्बीकडे आले. धाकट्या बहिणीच्या, आयव्हाच्या वाट्याला आलं ते लग्न. आणि तिनं लग्न केलं वेंडलशी, म्हणजे वॉकरवाल्याशी. ऑर्बीला वेंडल माणूस म्हणून चालत होता. त्याचे कुत्रे नातेवाईक म्हणून चालत नव्हते.

आयव्हा माझी मैत्रीण. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती भावाकडे एकच गोष्ट मागायला गेली. भांडी नकोत, गोधडी नको, डीकनचं एक पिल्लू दे. मी तिच्याबरोबर होते, म्हणून ऑर्बीचं उत्तर मला पाठ आहे.

"वॉकरांच्या दावणीला डीकनचं पिल्लू? अगं, माझा बाप थडग्यातून उठून येईल. तुला जायचंय तिथे जा. पण माझ्या बापाचं रक्त त्या अंगणात जाणार नाही, आणि मीही पाय ठेवणार नाही."

रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो आणि चार दिवसांनी विसरतो. ऑर्बी स्लोन विसरला नाही. आयव्हाचं घर डोंगरापलीकडच्या दुसऱ्या ओढ्यावर. ऑर्बीनं तिथे कधी पाय ठेवला नाही. बहिणीला चर्चमध्ये भेटायचा, माझ्या दुकानात भेटायचा, तिच्यासाठी रानातल्या ब्लॅकबेरी आणून द्यायचा, तिच्या नवऱ्याबरोबर रोज सकाळी एका बाकावर बसायचा. पण तिच्या अंगणात नाही. आयव्हा गेली तेव्हासुद्धा तो चर्चमध्ये आला, टेकडीवरच्या दफनभूमीत आला, खड्ड्यात माती लोटायला सगळ्यात पुढे होता, आणि तिथून सरळ स्वतःच्या घरी गेला. असल्या हट्टाला काय म्हणायचं? मी त्याला एकदा गाढव म्हटलं होतं. गाढवाची क्षमा मागावीशी वाटली.

डीकन म्हातारा होऊन मेला. त्याच्यानंतर ऑर्बीनं जे केलं ते मी आयुष्यभर बघत आले. बाहेरचं रक्त त्यानं शिरू दिलं नाही. डीकनची लेक, डीकनचा नातू, चुलत, आते, मामे, सगळं घरातल्या घरात. पिल्लं डोळे उघडून भुंकायला लागली की ऑर्बी गोठ्यात पालथी बादली घालून त्यावर डोळे मिटून बसायचा आणि ऐकायचा. एकेकाचा गळा ऐकायचा आणि मान हलवायचा.

"काय रे, नाही?" मी विचारायची.

"हेल आहे. लांबही आहे. पण शेवटी फुटत नाही."

"फुटत नाही म्हणजे चांगलंच ना?"

"ओपल," तो अगदी दयेनं म्हणायचा, "तू मांजर पाळ."

वर्षं गेली आणि पिल्लं कमी होत गेली. कुणी आंधळं निघायचं, कुणी दुबळं. वेंडल म्हणायचा, "बाहेरचा एक नर आण, मेहुण्या. रक्त साचलंय तुझ्याकडचं, डबक्यातल्या पाण्यागत." ऑर्बी म्हणायचा, "साचू दे. आहे ते माझ्या बापाचं आहे." शेवटी गोठ्यात एकच मादी उरली. पर्ल. शहाणी, नाकाची पक्की, आवाज भारदस्त, पण साधा. त्या वसंतात तिला शेवटची पिल्लं झाली. ऑर्बी बादलीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी दुकानात आला तेव्हा बाकावर बसला नाही, काउंटरपाशी उभा राहिला.

"संपलं," तो म्हणाला. "एकाचाही नाही. बापाचा आवाज मी राखायला घेतला आणि घालवला, ओपल. आता पर्लचं वय झालं."

 मी त्याला कॉफी दिली आणि वर एक बिस्किट फुकट दिलं. माझ्या दुकानात असं घडत नाही, त्यावरून त्याला माझं दुःख कळलं असेल.

शरद ऋतूत आमच्या क्लबची स्पर्धा असते. कुणी बाहेरचा वाचत असेल म्हणून एवढंच सांगते, की त्यात बंदूक नसते आणि रॅकूनचा केसही वाकडा होत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडतात. अंधार पडला की गटातले कुत्रे रानात सोडायचे आणि मालकांनी टेकाडावर उभं राहून ऐकायचं. कुत्रा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. त्यानं रॅकूनला झाडावर चढवलं आणि खाली उभा राहून ओरडायला लागला की त्याचा आवाज बदलतो. त्या क्षणी मालकानं आपल्या कुत्र्याचं नाव पुकारायचं. पहिला पुकारणाऱ्याला जास्त गुण. मग सगळ्यांनी चालत झाडाशी जायचं आणि बघायचं. पुकारलेला कुत्रा तिथे नसला तर गुण वजा. गुणांचं एक वेळ सोडा. या खोऱ्यात दुसऱ्याच्या कुत्र्याला आपला म्हणून पुकारणं म्हणजे लग्नाच्या मांडवात दुसऱ्याच्या बायकोचा हात धरण्यासारखं. क्लीटसनं तरुणपणी एकदा तसं केलं होतं, म्हणजे कुत्र्याच्या बाबतीत, आणि त्याला अजून चिडवतात.

त्या संध्याकाळी माझ्या गटात तिघं निघाले. ऑर्बी आणि पर्ल, क्लीटस आणि त्याचा प्लॉट, आणि वेंडल. वेंडलच्या दोरीला त्याचा नेहमीचा रेंजर नव्हता. एक कोवळी वॉकर मादी होती, पांढरी, पाठीवर काळं खोगीर, तांबूस डोकं.

"रेंजर कुठाय?" ऑर्बीनं विचारलं.

"पायात काटा गेलाय त्याच्या. ही घरचीच. बर्डी. आयव्हाची होती."

"घरची? स्वयंपाकघरातल्या कुत्रीला घेऊन आलास शिकारीला? हिला रॅकून माहीत आहे की नुसता पावाचा तुकडा?"

"बघू," वेंडल म्हणाला. एवढंच. वेंडल कॉम्ब्सनं टोमण्याला टोमणा परत केला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी पंच होते, बॅटरी तपासत होते.

कुत्रे सोडले. आम्ही टेकाडावर पानांत बसलो. थंडी पडली होती, ओढ्याकडून ओल्या मातीचा वास येत होता. आधी प्लॉट ओरडला, मग पर्ल. माग मिळाला होता. तिची लांब हाक खालच्या दरीतून वर येत होती आणि ऑर्बी मान डोलावत होता. मग कुत्रे ओढा ओलांडून गेले, आवाज डोंगरामागे गेला, बारीक झाला, आणि थांबला.

आम्ही थांबलो. क्लीटस तंबाखू थुंकला.

आणि मग तो आवाज आला.

लांब हेल. तो ताणत गेला, वर गेला, आणखी वर, आणि टोकाला जाऊन फुटला. फुटलेल्यातून एक बारीक सूर निघाला आणि झाडांवरून आमच्याकडे आला.  मी कुत्र्यांतली नाही, पण हॉबर्टला मी चर्चमध्ये ऐकलंय. चर्चमधला तो बाक, बापाशेजारी बसलेली छोटी आयव्हा, सगळं एकदम समोर उभं राहिलं.

ऑर्बी ताडकन उठला. गुडघे दुखतात म्हणून माझ्या दुकानाची पायरी कुरकुरत चढणारा माणूस.

"पर्ल!" तो ओरडला. "झाडाला लागली! पर्ल! माझी पर्ल!"

नियमाप्रमाणे मी पुकारा नोंदला. मग वेंडलकडे पाहिलं. त्याची कुत्री तिकडेच होती, त्यानं काहीतरी पुकारायला हवं होतं. वेंडलनं तोंडाला जणू कुलूप घातलं होतं. हातात टोपी घेऊन तो खाली बघत होता.

"वेंडल, तुझी?" मी विचारलं.

"मला काही पुकारायचं नाही," तो म्हणाला.

आम्ही ओढा ओलांडून चढण चढलो. ऑर्बी सगळ्यात पुढे, धापा टाकत, स्वतःशीच बोलत. "गळा फुटला तिचा. या वयात! बघ ना, ओपल, या वयात. ऐकलंस ना? आता एकदाच, देवा, आणखी एकदाच तिला पिल्लं..." दर चार पावलांनी तो आवाज पुन्हा यायचा आणि ऑर्बी पुन्हा उभा राहून ऐकायचा. मी त्याला इतका सुखात कधी पाहिला नव्हता. डीकन जिवंत होता तेव्हाही नाही.

बीच जातीच्या एका मोठ्या झाडाशी पोचलो. मी बॅटरी मारली. बुंध्यावर पुढचे पाय टेकून, मान मागे टाकून, ती गात होती. पांढरी, पाठीवर काळं खोगीर, तांबूस डोकं. बर्डी.

वर फांदीवर रॅकून बसला होता, अगदी आरामात. पर्ल थोड्या वेळानं खालच्या झुडपातून नाक जमिनीला लावून आली, नेहमीप्रमाणे प्रत्येक पावलाची खात्री करत. ऑर्बीकडे बघून तिनं शेपूट हलवली.

 क्लीटससारखा माणूस, ज्याला इतकी वर्षं याच चुकीवरून चिडवलं, तोसुद्धा तोंड उघडेना. मी पंच होते. "ऑर्बी, वजा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच आवडला नाही.

ऑर्बीनं ते ऐकलंच नसावं. तो बर्डीजवळ जाऊन गुडघ्यांवर बसला आणि तिच्या गळ्यावर हात ठेवला. ती ओरडली तेव्हा हाताखाली तो आवाज त्याला जाणवला असेल.

"ही कुठली?" त्यानं विचारलं. वर न बघता.

"सांगितलं ना, घरची."

"वेंडल. हा माझ्या बापाचा कुत्रा आहे."

"हो," वेंडल म्हणाला. "आहेच."

मग त्यानं सगळं सांगितलं, तिथेच, रॅकून वरून बघत असताना. आयव्हाच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी खाणीत छत कोसळून ऑर्बीचा पाय मोडला होता आणि तो लेक्सिंग्टनच्या इस्पितळात कित्येक आठवडे पडून होता. तेव्हा डीकनला कोण सांभाळणार म्हणून आयव्हा त्याला आपल्या घरी घेऊन गेली होती. ऑर्बीला ते माहीत होतं; इस्पितळात पडल्या पडल्या त्याला नाही म्हणता आलं नव्हतं. परत आल्यावर कुत्र्याला जाड केलंस म्हणून तो तिच्यावर खेकसलाही होता. जे माहीत नव्हतं ते असं, की आयव्हानं एका सकाळी वेंडलच्या वॉकर मादीच्या आवाराचं दार उघडलं, डीकनला आत घातलं, आणि दार लावून भांडी घासायला निघून गेली.

"मी कामावरून आलो तर तिनं सरळ सांगितलं," वेंडल म्हणाला. "म्हणाली, भावानं दिलं नाही तर मी घेतलं. मी म्हटलं, बये, ही पिल्लं ना वॉकर ना ब्लूटिक, यांना कोण विचारणार? ती म्हणाली, मला ती दाखवायची नाहीत, मला ऐकायचीत. मग दर वेतातून ज्याचा गळा तसा असेल ते एक ती ठेवायची. स्वयंपाकघरामागे बांधायची. बाकीची मी लांबच्या लोकांना देऊन टाकली. त्या कुत्र्यांना मी कधी शिकारीला नेलं नाही. तुला ऐकू गेलं असतं."

"चोरी केलीत तुम्ही," ऑर्बी म्हणाला. "माझ्या बापाचं रक्त चोरलंत. आणि रोज सकाळी माझ्या शेजारी बसून कॉफी पीत होतास."

"हो."

"मी गोठ्यात बादलीवर बसून मरत होतो, आणि तुला माहीत होतं!"

"माहीत होतं. तिनं तोंड बंद ठेवायला लावलं होतं. आता ती नाही. रेंजरच्या पायात काटाबिटा काही नाही, ऑर्बी. तोंडानं सांगता येईना, म्हणून हिला घेऊन आलो."

ऑर्बीनं पर्लला दोरी लावली आणि एकटाच डोंगर उतरून गेला.

पुढचे कित्येक दिवस बाकाचं एक टोक रिकामं होतं. क्लीटस मध्येच बसायचा, सवयीनं. वेंडल यायचा, कॉफी घ्यायचा, आणि वॉकरबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. दुकानात इतकी शांतता मला पाहिजे होती असं मी आयुष्यभर म्हणत आले. मिळाली तर खायला उठली.

मग एका दुपारी मी वेंडलकडे कुत्र्यांच्या खाण्याची पोती पोचवायला गेले. त्याच्या अंगणाच्या फाटकाबाहेर ऑर्बीचा ट्रक उभा. ऑर्बी आत बसलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत. वेंडल पोर्चच्या पायरीवर बसलेला.

"काय चाललंय?" मी वेंडलला विचारलं.

"बसलाय. जेवण झाल्यापासून बसलाय."

मी ट्रकच्या काचेवर टकटक केली. "ऑर्बी, उतर खाली."

"नाही उतरता येत."

"पाय दुखतोय का?"

"पायाचं काही नाही," तो म्हणाला. "तुझ्यासमोर म्हणालो होतो ना तिला, या अंगणात पाय ठेवणार नाही म्हणून? तिला दिलेला शब्द आहे. आता मोडायला तिची परवानगी कुणाकडे मागू?"

मी खूप वर्षं दुकान चालवलंय, आणि माणसांना उत्तर द्यायला मला सहसा वेळ लागत नाही.  त्या दिवशी मात्र आधी वेंडलला सुचलं. तो उठला, शेडमध्ये गेला आणि रिकाम्या पोत्यांचा भारा घेऊन आला. माझ्याच दुकानातली पोती, कुत्र्यांच्या खाण्याची. ट्रकच्या दारापासून त्यानं एक अंथरलं, मग पुढचं, मग त्यापुढचं, थेट पोर्चपर्यंत. वाकताना कण्हत होता.

"ये," तो म्हणाला. "अंगणात पाय लागणार नाही तुझा. साल्या, पायघड्या घातल्यात तुझ्यासाठी."

ऑर्बी उतरला. एकेका पोत्यावर जपून पाय टाकत, एवढासाही तोल जाऊ न देता, पोर्चवर गेला. मधलं एक पोतं वाऱ्यानं सरकलं तर वेंडलनं ते पायानं दाबून धरलं.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. आयव्हाच्या वेळी होतं तसंच होतं सगळं, फक्त जरा मळलेलं. बीडाचा तवा खुंटीला, चुलीत लाकूड, भांडी घासायच्या जागेवर खिडकी. वेंडलनं घेवडा शिजवला होता आणि मक्याचा पाव करपवला होता.

"हिला घेऊन जा," वेंडल म्हणाला. "बर्डीला. तुझ्या बापाचा गळा आहे. तिच्या खाण्याचं पोतं-बितं बांधून देतो."

ऑर्बीनं मान हलवली. "नको. आयव्हाची आहे ती." मग त्यानं विचारलं, "ती कुठे बसायची?"

"बसायची कुठली? इथे उभी राहायची, भांडी घासत. संध्याकाळी कुत्री ओरडायला लागली की खिडकी उघडायची. भर हिवाळ्यातसुद्धा. मी ओरडायचो, बाई, लाकूड जळतंय, डोंगर तापवतेस का? ती म्हणायची, गप्प, माझा बाप गातोय."

ऑर्बी तिथे गेला आणि आयव्हाच्या जागेवर उभा राहिला. त्यानं खिडकी वर सरकवली. बाहेर थंड वारा होता, तो सरळ आत आला. मागच्या अंगणात बर्डीला शेजारच्या टेकाडावर काहीतरी दिसलं असावं, खार असेल. तिनं मान मागे टाकली.

तो आवाज स्वयंपाकघरात भरला. ताणत गेला आणि फुटला.

"एक पिल्लू मागितलं होतं रे तिनं," ऑर्बी म्हणाला. "एकच."

 मी घेवड्याची ताटं वाढायला घेतली, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. चुलीतलं लाकूड भराभरा जळत होतं, घर गारठलं होतं, आणि ती खिडकी लावायला आम्हा तिघांपैकी कुणीही उठलं नाही.